लस आताच का?

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. डॉक्टरांनी एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) याची लस सुचवली. पण लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूसाठी एवढ्यात लस कशाला, असे माझ्या पतींना वाटते.

उत्तर : बहुतेक पालकांचे पाऊल याच प्रश्नावर अडखळते, आणि डॉक्टरांनी ही लस इतर लसींइतक्याच ठामपणे सुचवली, तर निर्णय पुष्कळ सोपा होतो, असे मला वाटते. विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी दिलेली लसच पुरते संरक्षण देते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना मुलींसाठी ९ ते १४ हे वय सुचवते. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे असलेले या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार ही लस रोखते. लसीमुळे मुलींचे वर्तन बदलत नाही, हेही अभ्यासांतून दिसले आहे. मुलीला मात्र आधी सांगा : दंड दुखेल, क्वचित भोवळ येते, म्हणून टोचल्यावर १५ मिनिटे बसवून ठेवतात.