मॉर्मन लोक ख्रिस्ती आहेत की नाहीत?

प्रश्न असा आहे: सॉल्ट लेक सिटीत नोकरी, ऑफिसातले निम्मे सहकारी मॉर्मन. ते म्हणतात, ‘आम्ही ख्रिस्तीच.’ दुसरे सहकारी, कुणी बॅप्टिस्ट, कुणी कॅथलिक, बाजूला घेऊन सांगतात, ‘ते ख्रिस्ती नव्हेत बरं का.’ मग खरं कोणाचं?

माझं उत्तर आधीच सांगतो. धर्मांच्या इतिहासाच्या दृष्टीने मॉर्मन पंथ ख्रिस्ती कुळातलाच आहे, त्याला दुसरीकडे कुठे बसवताच येत नाही. पण कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट ज्या मतांगीकारावर, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीवर, एक आहेत, त्याच्या तो बाहेर आहे, आणि थोडाथोडका बाहेर नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ऑफिसातले लोक वाद घालतात तेव्हा एक जण पहिली गोष्ट बोलत असतो आणि दुसरा दुसरी.

आधी साम्य. पंथाचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथने तो 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. येशू हा देवाचा पुत्र, तो कुमारी मरियेच्या पोटी जन्मला, माणसांच्या पापांसाठी मेला, तिसऱ्या दिवशी देहासह उठला, हे सगळं ते मानतात, आणि तेही शब्दशः, रूपक म्हणून नव्हे. बायबल त्यांच्या शास्त्रात आहे, इंग्रजीत किंग जेम्सची प्रत. नाताळ आणि ईस्टर पाळतात. दर रविवारी भाकर मोडून वाटतात. द्राक्षारसाऐवजी पाणी असतं, आणि आज तर त्यांना दारू वर्ज्यच आहे. (चहा-कॉफीही वर्ज्य. घरी बोलावलंत तर सरबत ठेवा.) प्यू या संशोधनसंस्थेने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या 97 टक्के मॉर्मनांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचं सांगितलं होतं.

आता बिनसतं कुठे ते. लोक आधी बहुपत्नीत्वावर बोट ठेवतात. मला तो मुद्दा फुसका वाटतो. ती प्रथा 1852 मध्ये जाहीर झाली, 1890 च्या जाहीरनाम्याने ती थांबवायला सुरुवात झाली, आणि आज मुख्य पंथात कुणी तसं केलं तर त्याला काढून टाकतात. ती चालवणारे फुटीर गट वेगळे आहेत. शिवाय एखादी प्रथा वाईट असणं आणि ती ख्रिस्ती नसणं या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसरा नेहमीचा मुद्दा जास्तीच्या ग्रंथाचा: बुक ऑफ मॉर्मन, 1830 मध्ये पाल्मायरा गावी छापलेला. त्याच्या जोडीला ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ आणि ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’. बायबलबाहेरचं शास्त्र मानणं ही इतर ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने गंभीर गोष्ट आहे, आणि गलतीकरांस पत्रातलं वाक्य, स्वर्गातल्या दूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी तो शापित असो, हे त्यांच्या तोंडी हमखास येतं. पण गंमत अशी की, नुसतं बुक ऑफ मॉर्मन वाचलं तर देवाबद्दल फारसं धक्कादायक काही सापडत नाही. त्याच्या मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर येशू हा ‘सनातन देव’ आहे असंच लिहिलंय. पहिल्या आवृत्तीत मरियेला ‘देवाची आई’ म्हटलं होतं. 1837 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ‘देवपुत्राची आई’ असं केलं.

या छोट्या दुरुस्तीत पुढची दिशा दिसते. खरा फरक 1830 च्या ग्रंथात नाही, तो नंतरच्या चौदा वर्षांत जोसेफ स्मिथने जे शिकवलं त्यात आहे.

इसवी सन 325 मध्ये निकिया इथल्या धर्ममहासभेने ठरवलं की पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे. तो निर्माण केलेला नाही. 381 च्या कॉन्स्टंटिनोपलच्या सभेने पवित्र आत्म्याबद्दलचा भाग त्यात भरला. एक देव, तीन व्यक्ती, तत्त्व एकच: यालाच त्रैक्य म्हणतात. रविवारी मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, म्हणतात तो मतांगीकार हाच. स्मिथची शिकवण या चौकटीत बसत नाही. पित्याला माणसासारखंच हाडामांसाचं, हाताला लागेल असं शरीर आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्मा मात्र देहाविना आहे. हे डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्सच्या 130 व्या प्रकरणात सरळ लिहिलेलं आहे. तिघे मिळून एक, ते इच्छेने आणि हेतूने एक, तत्त्वाने नव्हे. एप्रिल 1844 मध्ये, मृत्यूच्या जेमतेम तीन महिने आधी, किंग फॉलेट नावाच्या सदस्याच्या निधनानंतरच्या प्रवचनात स्मिथ आणखी पुढे गेला: देव स्वतः कधीकाळी आपल्यासारखा होता, आणि माणूस त्याच्यासारखा होऊ शकतो. हे प्रवचन त्यांच्या शास्त्रात नाही, आणि आजचे मॉर्मन देवाच्या भूतकाळाबद्दल फार बोलत नाहीत. माणसाच्या देवत्वापर्यंतच्या वाढीची शिकवण मात्र जिवंत आहे.

याला आणखी दोन गोष्टी जोडा. एक, देवाने विश्व शून्यातून निर्माण केलं नाही. पदार्थ आणि माणसातली मूळ बुद्धी अनादी आहे, देवाने त्यांना आकार दिला. दोन, आपण सगळे जन्माआधीच देवाची आत्मिक मुलं म्हणून अस्तित्वात होतो, आणि स्वर्गात पित्याबरोबर माताही आहे. कॅथलिक किंवा बॅप्टिस्ट माणसाच्या दृष्टीने निर्माता आणि निर्मिती यांच्यामध्ये जी ओलांडता न येणारी रेघ आहे, ती इथे नाही. माझ्या मते सगळा वाद या एका रेघेचा आहे. बाकीचे मुद्दे तिच्यामागून येतात. कृपेचा वाद घ्या. बुक ऑफ मॉर्मनमध्ये एक वाक्य आहे की आपल्याकडून होईल ते सगळं केल्यावर आपलं तारण कृपेनेच होतं. प्रॉटेस्टंट लोक ‘सगळं केल्यावर’वर अडून बसतात. पण कर्म आणि कृपा यांची मारामारी प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातही पाचशे वर्षं चालू आहे, आणि म्हणून कुणी कुणाला ख्रिस्ती कुळातून काढत नाही.

मग चर्च प्रत्यक्षात ठरवतात कसं? वाद घालून नव्हे, बाप्तिस्म्याने. कॅथलिक चर्च साधारणपणे प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स बाप्तिस्मा मानतं: पाणी हवं, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाचे शब्द हवेत, आणि चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा. बॅप्टिस्ट माणूस कॅथलिक झाला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.

मॉर्मन विधी बाहेरून पाहिला तर कुणालाही वाटेल की हा चालायला हरकत नाही. मूल आठ वर्षांचं पूर्ण झाल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. देणारा आणि घेणारा दोघेही पांढऱ्या कपड्यांत कुंडात उतरतात. देणारा उजवा हात वर करून नाव घेतो आणि म्हणतो की येशू ख्रिस्ताकडून मला अधिकार मिळाल्याने मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. मग पूर्ण बुडवून वर काढतो. दोन साक्षीदार बघत असतात. केसांची बट किंवा पायाचा अंगठा वर राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. पाणी भरपूर, शब्द जवळजवळ तेच.

तरीही 5 जून 2001 रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने, कार्डिनल रॅट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीने, एका शब्दात उत्तर दिलं: हा बाप्तिस्मा वैध नाही. कारण शब्द तेच असले तरी त्यांनी ज्याला हाक मारली जाते तो त्रैक्य देव तो नव्हे. पाखंडी म्हटलेल्या गटांचाही बाप्तिस्मा पूर्वी चाललेला आहे, आणि इथेच निर्णयाची खोली कळते. 381 च्या सभेच्या नावावरच्या सातव्या नियमानुसार एरियन लोकांना, म्हणजे पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्यांना, नुसतं तेल लावून चर्चमध्ये घेत. उलट येशूला निव्वळ माणूस मानणाऱ्या पॉल ऑफ समोसाटाच्या अनुयायांना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा असं निकियाच्या एकोणिसाव्या नियमातच आहे. म्हणजे ‘चुकीचं शिकवणारा ख्रिस्ती’ आणि ‘वेगळ्याच पायावर उभा असलेला’ असे दोन कप्पे चौथ्या शतकापासून आहेत, आणि 2001 मध्ये रोमने मॉर्मनांना दुसऱ्या कप्प्यात टाकलं. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने त्याच्या आदल्याच वर्षी असाच ठराव केला होता.

हे ऐकून मॉर्मनांवर अन्याय झाला असं वाटत असेल तर दुसरी बाजूही बघा. मॉर्मन चर्च कॅथलिक, बॅप्टिस्ट, ऑर्थोडॉक्स कुणाचाच बाप्तिस्मा मानत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला नव्याने बुडवतात. त्यांचा मूळ दावाच असा आहे की प्रेषितांनंतर अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि स्मिथला तो परत मिळाला. 1820 च्या दर्शनाच्या त्याच्या कथनात सगळे मतांगीकार देवाच्या दृष्टीने घृणास्पद असल्याचं येशू सांगतो, आणि ते कथन त्यांच्या शास्त्रात आहे. तेव्हा ‘निकियाच्या चौकटीत तुम्ही बसत नाही’ हे ऐकून जाणत्या मॉर्मनाला वाईट वाटायचं कारण नाही. त्याला वाईट वाटतं ते ‘तुम्ही ख्रिस्ताला मानत नाही’ याचं, आणि तिथे त्याचं बरोबर आहे.

व्यवहारात हा निर्णय लागतो लग्नात. वसईच्या किंवा बांद्र्याच्या कॅथलिक मुलीने बाप्तिस्मा झालेल्या मेथडिस्ट मुलाशी लग्न केलं तर धर्मप्रांताची परवानगी घ्यावी लागते; ती राहून गेली तर ते नियमबाह्य ठरतं, पण लग्न लग्नच असतं. तिने मॉर्मन मुलाशी केलं तर चर्चच्या लेखी तो बाप्तिस्मा न झालेला, हिंदू किंवा मुस्लिम वरासारखा. तिथे परवानगी पुरत नाही, बिशपांकडून खास सूट लागते, आणि ती न घेता केलेलं लग्न चर्चच्या लेखी झालंच नाही. त्यामुळे पॅरिशच्या फादरना ‘मुलगा ख्रिस्ती आहे’ एवढंच सांगून चालत नाही; कोणत्या चर्चचा हे पहिल्या भेटीतच सांगावं, नाहीतर कागद ऐन वेळी परत येतात. मॉर्मन माणूस बाळाच्या बाप्तिस्म्याला गॉडफादर तर होऊ शकत नाहीच, प्रॉटेस्टंटाप्रमाणे ख्रिस्ती साक्षीदार म्हणूनही उभा राहू शकत नाही. दुसऱ्या अंगाने, मॉर्मनांची मंदिरातली ‘सीलिंग’ म्हणजे कायमस्वरूपी लग्नगाठ मंदिराचा दाखला असलेल्यांनाच पाहता येते. नवरीचे आईवडील कॅथलिक असतील तर ते बाहेर. 2019 पासून आधी सर्वांसमोर नागरी लग्न करून लगेच मंदिरात जाण्याची मुभा सगळीकडे आहे. पूर्वी अमेरिकेत असं केलं तर वर्षभर थांबावं लागे.

भारतीय कायदा या वादात पडत नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती धर्म मानत असल्याचं सांगणारी व्यक्ती, एवढंच. जनगणनेतही तेच. आपल्याकडे हे लोक अगदी नवे नाहीत: 1850 च्या दशकात ह्यू फिंडले हा त्यांचा मिशनरी मुंबईत आणि पुण्यात काम करून गेला, पण ते रुजलं नाही. भारतातलं पहिलं मंदिर बंगळुरूत बांधायची घोषणा 2018 मध्ये झाली.

‘सगळे मॉर्मन असेच’ असं धरू नका. स्मिथच्या खुनानंतर जे त्याचा उत्तराधिकारी ब्रिगम यंग याच्याबरोबर युटाला गेले नाहीत, त्यांच्यातल्या एका शाखेचं आजचं नाव ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’. मिझुरीतल्या इंडिपेंडन्समध्ये तिचं मुख्यालय आहे. ते बुक ऑफ मॉर्मन बाळगतात, पण त्रैक्य मानतात, आणि अमेरिकेतल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे सदस्य आहेत. नुसत्या जास्तीच्या ग्रंथाने कुणी बाहेर पडत नाही हे यावरून दिसतं. आणि राजकारणाने काय होतं तेही पाहण्यासारखं आहे: ऑक्टोबर 2012 मध्ये मॉर्मन मिट रॉम्नी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत असताना प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम यांच्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावरच्या ‘कल्ट’च्या, म्हणजे भरकटलेल्या पंथांच्या, यादीतून मॉर्मन पंथ काढून टाकला. त्या महिन्यात देवाबद्दलची मॉर्मनांची शिकवण बदलली नव्हती.

सहकाऱ्यांशी बोलताना ‘तुम्ही ख्रिस्ती का?’ विचारू नका, ‘हो’ येईल आणि बोलणं तिथेच संपेल. ‘पिता आणि पुत्र एकच देव आहेत का, की दोन?’ असं विचारा. आणि त्यांच्यासमोर ‘मॉर्मन’ हा शब्द जपून वापरा: 2018 मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला, आणि बरेच जण तो पाळतात.