क्लासची फी भरलीत, मुलीला विचारलंत का?

प्रश्न : मुलगी पुण्यातच इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ७.४. कॅम्पसची तयारी सोडून तिला 'हवामान आणि ऊर्जा धोरण' शिकायचं आहे. युरोपातले देश मिळून २०५० पर्यंतचा आराखडा कसा आखतात, ते दिवसभर वाचत बसते. मी सांगितलं, धोरणं आयएएस अधिकारी ठरवतात. आधी यूपीएससी दे, मग हवी तेवढी धोरणं कर. क्लासची पूर्ण फी भरून टाकली आहे. तेव्हापासून घरात धड बोलत नाही. हे खूळ डोक्यातून कसं काढावं? की इंजिनिअरिंगनंतर तिला पर्यावरणशास्त्राला घालावं?
– एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर :
तुमच्या पत्रातल्या ७.४ ची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती 'फी भरून टाकली आहे' या वाक्याची. ती यूपीएससीला 'हो' म्हणाली होती का, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. तिचं काय म्हणणं आहे, हेही नाही. ती काय वाचते एवढंच आहे, आणि तेसुद्धा तक्रारीच्या सुरात. विसाव्या-एकविसाव्या वर्षी मुलगी युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांचे ऊर्जा आराखडे स्वतःहून वाचते आणि घरात त्याला 'खूळ' म्हणतात. मग ती बोलेनाशी झाली तर नवल कसलं? आणि 'घालावं का' हा शब्दही जरा तपासा. मुलांना घालायचं वय बालवाडीचं.

यूपीएससी वाईट नाही. ज्याला प्रशासन हवंय त्याच्यासाठी उत्तम वाट आहे. खुल्या गटाला वयाच्या ३२ पर्यंत सहा प्रयत्न मिळतात. पण नको असलेल्या परीक्षेवर तिची तीन-चार वर्षं गेली, तर त्याची पावती कुठलाच क्लास देत नाही. फीचं म्हणाल, तर या आठवड्यात परताव्यासाठी लेखी अर्ज द्या. मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं केंद्राच्या २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. क्लासवाले खळखळ करतील. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

आता 'धोरणं अधिकारी ठरवतात' या समजाबद्दल. सही अधिकाऱ्याची असते हे खरं. सहीच्या वरचे आकडे दुसऱ्या कुणीतरी मांडलेले असतात, आणि तुमच्या मुलीला ते काम करायचं आहे. युरोपीय संघाचंच बघा. २०२१ च्या हवामान कायद्याने १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंच्या निव्वळ उत्सर्जनात किमान ५५ टक्के घट आणि २०५० ला नेट झिरो (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण), एवढं बांधून दिलं. पण कुणी अणुवीज ठेवायची, कुणी कोळसा कधी बंद करायचा, हे ब्रुसेल्स, म्हणजे संघाचं मुख्यालय, फर्मावू शकत नाही. विजेचं मिश्रण ठरवायचा हक्क करारानेच प्रत्येक देशाकडे ठेवला आहे. म्हणून प्रत्येक देश ठरलेल्या साच्यात आपला दहा वर्षांचा आराखडा लिहितो, संघाचा कारभार पाहणारा युरोपीय आयोग सगळ्यांची बेरीज करतो, कमी पडली तर शिफारशींसह परत पाठवतो. वीजनिर्मिती आणि मोठे उद्योग २००५ पासून एकाच सामाईक उत्सर्जन बाजारात आहेत, म्हणजे उत्सर्जनाचे परवाने तिथे घेता-विकता येतात. वाहतूक, इमारती, शेती यांचा वाटा मात्र देशांत वाटून दिलाय, मुख्यतः दरडोई उत्पन्न पाहून: २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत बल्गेरियाला १० टक्के घट, जर्मनीला ५०. सोसायटीत लिफ्टचा खर्च कुणी किती द्यायचा यावरून रात्री अकरापर्यंत मीटिंग चालते ना, त्याचाच हा अवतार. तळमजलेवाले सगळीकडे असतात.

गोची होते ती बेरजेत. थंडीतल्या संध्याकाळी वीज कमी पडली तर शेजाऱ्याकडून घेऊ, असं दोन्ही शेजारी आपापल्या आराखड्यात लिहितात. वारा पडून पवनचक्क्या थांबतात त्या मात्र दोघांकडे एकाच आठवड्यात. वर्षाचे ८,७६० तास 'सरासरी दिवसां'च्या दहा-बारा कप्प्यांत कोंबले की तो आठवडा संगणकावरच्या मॉडेलमधून गायबच होतो आणि आराखडा कागदावर स्वस्त दिसतो. एक देश इंधनाची उष्णता ढोबळ मूल्याने (धुरातल्या वाफेची उष्णताही धरून) मोजतो, दुसरा निव्वळ मूल्याने (ती वगळून). नैसर्गिक वायूत तेवढ्यानेच सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. सगळ्यात छुपी जागा म्हणजे डिस्काउंट रेट, भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढायचा दर. तीस वर्षांनंतरचे १०० रुपये ४ टक्के दराने आज जवळपास ३१ रुपयांचे, १० टक्क्यांनी पावणेसहा रुपयांचेही नाहीत. पुढच्या पिढीचं नुकसान महाग दिसणार की किरकोळ, ते या एका खान्यात ठरतं, आणि तो खाना परिशिष्टात असतो. असली जागा शोधायला पॉवर सिस्टिम, अर्थशास्त्र आणि गणित लागतं. म्हणून पर्यावरणशास्त्राकडे वळवू नका. इलेक्ट्रिकल हाच तिचा भक्कम पाया आहे.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

तुलाही थोडं कडू ऐकावं लागेल. ब्रुसेल्समध्ये अधिकारी होण्याचं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाक. युरोपीय संघाच्या कायम पदांसाठी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. बाहेरच्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून मोजक्याच जागा असतात. तिथली पद्धत जरूर शिक, पण प्रश्न इथला घे. वीज आपल्याकडे राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्यांची रस्सीखेच रोजचीच. आपलं दक्षिणेचं ग्रिड (वीजजाळं) उरलेल्या देशाशी एकाच वारंवारतेवर जोडलं गेलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीवरून. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या ग्रिडमधून बांगलादेशात गेली. आकडा चिमुकला आहे, पण तीन देशांत दर, वाहतूक शुल्क आणि मीटर कुठे बसवायचा हे ठरवावं लागलं. अनेक देशांचं नियोजन बघायला तुला लांब जायला नको. आणि युरोपचा कार्बन सीमा कर (आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा आकार) २०२६ पासून प्रत्यक्ष सुरू झाल्यामुळे तिकडे नटबोल्ट पाठवणाऱ्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांनाही कार्बनचा हिशेब मांडणारी माणसं हवी आहेत.

पण आधी हे काम तुला खरंच आवडतं का, ते बघ. धोरणांवरचे लेख वाचायला सगळ्यांनाच आवडतात. देशाचं ग्रिड चालवणाऱ्या ग्रिड-इंडिया या सरकारी कंपनीच्या रोजच्या अहवालात प्रत्येक राज्याची त्या दिवसाची कमाल मागणी मेगावॉटमध्ये असते, देशाचीही असते. एप्रिलचे तीस आणि डिसेंबरचे एकतीस अहवाल घे, एक्सेलमध्ये उतरव. राज्यांच्या कमाल मागण्यांची बेरीज कर आणि देशाच्या कमाल मागणीशी ताडून बघ. बेरीज जास्त येईल, कारण सगळ्यांची कमाल वेळ एक नसते. किती जास्त, कुठल्या महिन्यात जास्त, आणि प्रत्येक राज्याने स्वतःपुरतीच क्षमता उभारली तर फुकट किती बांधली जाईल, हे काढ. मेगावॉट (त्या क्षणाची मागणी) आणि दशलक्ष युनिट (दिवसभरात वापरलेली वीज) यांची गल्लत करू नकोस. पहिल्या आठवड्यात सगळे करतात. रिकामे खाने शून्य समजून बेरीज केलीस तर सगळंच फसेल.

याला दोन आठवडे दे. कंटाळलीस तर कॅम्पसला बस, त्यात कमीपणा काही नाही. नाही कंटाळलीस, तर पायथन आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग (मर्यादा सांभाळून सगळ्यात स्वस्त पर्याय काढायचं गणित) घे आणि ओसेमोसिस हे मोफत ऊर्जा-मॉडेल साध्या लॅपटॉपवर दोन राज्यांसाठी चालवून बघ. पुण्यातल्याच प्रयास ऊर्जा गटाने 'रूमी' नावाचं खुलं ऊर्जा-मॉडेल आणि त्यावर भारताचं 'पियर' हे मॉडेल केलं आहे. त्यातली गृहीतकं वाच, उत्तरं नंतर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढची महावितरणची दरवाढ याचिका एकदा तरी पूर्ण वाच. कंटाळवाणी आहे, पण पैसा कुठून कुठे जातो ते तिथेच कळतं.

वाटा थोडक्यात: गेट देऊन आयआयटी मुंबईत एनर्जीचं एमटेक, किंवा तिथलंच सार्वजनिक धोरणाचं पदव्युत्तर शिक्षण, बाहेर जायचं तर युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती, दरमहा १,४०० युरो. तिचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मध्यावर. कॅम्पस मुलाखती मात्र सोडू नकोस. वीज क्षेत्रातली दोन वर्षांची नोकरी पुढच्या अर्जात ७.४ पेक्षा जास्त वजनाची ठरेल.

एप्रिल-डिसेंबरचा तुझा निष्कर्ष दोन पानांत मराठीत लिहून बाबांना वाचायला दे. आणि बाबा, वाचून झाल्यावर 'याचा पगार किती' हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला, 'हा आकडा कसा काढलास?'