मुंबई-पुण्यात स्वयंपाकाची जुनी पुस्तकं स्वस्तात कुठे मिळतील? डाग पडलेली, पेनाने लिहिलेली प्रत घ्यावी का?

ठिकाणं आधी सांगते. मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलचा फुटपाथ, फोर्टात हुतात्मा चौकाच्या आसपासचे पुस्तकवाले. पुण्यात अप्पा बळवंत चौक. पण या सगळ्यांपेक्षा तुमच्या गल्लीतला रद्दीवाला बरा. फुटपाथवाला पुस्तक ओळखतो आणि तोंड बघून भाव सांगतो. रद्दीवाल्याने ते किलोवर घेतलेलं असतं. नवरात्राच्या आधी घरं आवरायला निघतात तेव्हा त्याच्याकडे दोन-तीन चकरा मारा, स्वयंपाकाचं काही आलं तर बाजूला ठेवायला सांगा.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी मात्र मी मुद्दाम लिहायला बसले. डाग पडलेली प्रत घ्यावी का? तीच घ्यावी.

2003 सालची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला एकत्र राहायचो. पेपर घालायला गेले होते, तर रद्दीवाल्याच्या काट्याशेजारी कमलाबाई ओगल्यांचं स्वयंपाकाचं पुस्तक 'रुचिरा' पडलेलं. कव्हर नाही, पुठ्ठा सुटलेला, पानांना तेलाचा वास. चाळीस रुपयांना घेतलं. घरी आल्यावर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "लोकांच्या खरकट्या हातांचं पुस्तक ओट्यावर नको. कोणाच्या घरातलं, कोण गेल्यावर काढलेलं, काही माहीत आहे का?" दोन दिवसांनी त्यांनी मला एक नवं कोरं, गुळगुळीत कागदाचं, रंगीत फोटोंचं पुस्तक आणून दिलं. मन मोठं होतं त्यांचं, ते नाकारत नाही. पण जुनं पुस्तक गेलं माळ्यावर.

दिवाळीत अनारसे माझ्याकडे आले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पंचावर सावलीत सुकवले, दमट असतानाच कुटून चाळले, गूळ घालून गोळे डब्यात ठेवले. सगळं नव्या पुस्तकाप्रमाणे. पाचव्या दिवशी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला. दुसरा हसला. तिसऱ्याचा तर कढईत नुसता चुरा, आणि तूप काळं व्हायला लागलं. नव्या पुस्तकात सुंदर जाळीदार अनारशाचा पानभर फोटो होता. हसला तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही.

मी गॅस बंद केला, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं. अनारशांच्या पानावर समासात निळ्या शाईने, बारीक तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "हसले. गूळ जास्त. कोरडी पिठी 2 मुठी घालून मळले, रात्र ठेवले. जमले." खाली वेगळ्या पेनाने: "खसखस वरच्या बाजूला. उलटू नये." राखून ठेवलेली पिठी होती, ती मळून घातली. दुसऱ्या दिवशी झाऱ्याने नुसतं तूप उडवत तळले. जाळी पडली.

ती बाई कोण होती, मला कधी कळलं नाही. पण तिचा अनारसा बिघडला होता आणि तिने तो सावरला होता, हे त्या पानावर आहे. छापलेली कृती सगळं नीट झालं तर काय होतं ते सांगते. समासातली शाई बिघडल्यावरचं सांगते, आणि स्वयंपाक शिकणाऱ्याला त्याचीच जास्त गरज असते. जाऊबाईंचं म्हणणं आजही तेच आहे, की अनारसे अनुभवाने जमतात, पुस्तकाने नाही. अहो वहिनी, तो अनुभवच होता, फक्त दुसरीचा होता!

तेव्हा पुस्तक हातात आलं की मधे उघडा. दिवाळीचे पदार्थ आणि लोणची, ही पानं आधी बघा. तीच सर्वात जास्त वापरली जातात आणि तीच फाटून गेलेली असतात. लिहिलेल्या प्रतीचे पैसे दुकानदार कमी घेतो, तुम्ही कमी समजू नका. 1970 पासून 'रुचिरा' घराघरात गेलं, त्यामुळे त्याच्या जुन्या प्रती मुबलक मिळतात, त्यासाठी फार पैसे मोजू नका. कमलाबाई ओगल्यांची मापं वाटी-चमच्याची आहेत, ती आजही अडत नाहीत. महिला मासिकांचे जुने पाककृती विशेषांक तर याहून स्वस्त पडतात.

एक राहिलं. साठीच्या दशकाच्या आधीचं पुस्तक असेल तर त्यात शेर, छटाक, तोळा असणार. पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे साधारण 933 ग्रॅम, आणि छटाक त्याचा सोळावा भाग. पण मापी शेर वेगळा, तो वजनाचा नाही, माप भरून मोजायचा. कृतीत कुठला आहे ते न बघता सुरुवात करू नका. आणि पानांत कसर, म्हणजे कागद खाणारे किडे, दिसली तर कितीही स्वस्त असलं तरी ते घरात आणू नका, बाकीची पुस्तकं जातील. तेवढ्यापुरतं जाऊबाईंचं बरोबर होतं.