एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय व्याल्यावर खंगत चाललीये, पेंड किती वाढवू?

तुमची गाय व्याल्याला वीस दिवस झाले, दूध २० लिटर आहे पण खुबे वर आलेत, म्हणून पेंड किती वाढवू असं विचारलंय. वाचून राहवलं नाही, कारण याच दिवसांवरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

२०१९ ची गोष्ट. फलटणजवळ आमचा गोठा, तीन गायी, त्यातल्या दोन भाकड, म्हणजे डेअरीला जाणारं दूध एकट्या गौरीचं. पहिल्या आठवड्यात २२ लिटर. फॅट ३.६ लागायची ती बाराव्या दिवशी ५ च्या वर गेली. नाना, म्हणजे माझे चुलते, पावती घेऊन अख्ख्या आळीत फिरले, भाकडपणी पेंड चारली त्याचं फळ म्हणे. त्याच संध्याकाळी मी धारेला बसलो तर गौरीनं गोळी पेंडीला तोंड लावलेलं नाही, कडबा तेवढा चघळतेय आणि दावणीचा दगड चाटतेय. श्वासाला गोडसर वास, नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा. तीन दिवसांत दूध १३ वर आलं. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. डॉक्टरांनी लघवीत पट्टी बुडवली, ती जांभळी झाली. किटोसिस.

ती वाढलेली फॅट खुराकातली नव्हतीच हो, तिच्या अंगातली चरबी वितळून दुधात येत होती. लिटरभर दुधात ४८ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे २० लिटरला जवळजवळ किलोभर साखर, ती कास रक्तातल्या ग्लुकोजमधून ओढते आणि गायीला ग्लुकोज चाऱ्यातून आयतं मिळत नाही, बहुतेक सगळं यकृताला घडवावं लागतं. दूध चार ते आठ आठवड्यांत टोकाला जातं, भूक मात्र पुरी उघडायला दहा-बारा आठवडे लागतात, मधली तूट चरबीतून भरते. त्यामुळं थोडं खंगणं धरूनच चाला. पण अंगानं सुटलेली गाय व्याली की भूक जास्तच मरते, चरबी एकदम सुटते, यकृताला झेपत नाही आणि किटोन, म्हणजे चरबी अर्धवट जळून उरलेले पदार्थ, रक्तात साचतात, तोच किटोसिस. नाना सातव्या महिन्यापासून, दूध आटत आलं तरी, रोज सहा किलो पेंड टाकत होते, शेपटीच्या बुडाचे खड्डे भरून गेलेले. मी तेव्हाच बोललो होतो, तर मला पुस्तकी म्हणाले.

तुम्ही पेंड दोन दिवसाला अर्धा किलो अशी वाढवा, एकदम टाकली की पोट आंबतं. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), कडबा पुढ्यात कायम हवा. पण खरं काम व्यायच्या आधीचं आहे, गाय मध्यम अंगाची ठेवायची आणि शेवटचे तीन आठवडे पेंड हळूहळू सुरू करायची. भाकडकाळात कॅल्शियमच्या बाटल्या अजिबात पाजू नका, हाडातलं कॅल्शियम ओढायची शरीराची सवय मोडते आणि व्याल्यावर गाय खाली बसते ती उठतच नाही. नाना तेही करायचे.

हां, चाऱ्यातून गिळलेली तार पोटात असली तरी गाय अशीच खाणं सोडते, म्हणून तुमचीनं पेंड टाकली तर माझ्या भरवशावर न राहता लगेच डॉक्टरांना बोलवा.

पुढच्या वेताला पेंडीचं पोतं मी माझ्या ताब्यात ठेवलं. गौरी सहाव्या आठवड्यात २४ लिटरवर गेली, फॅट ४ च्या आतच राहिली. नाना म्हणतात वेत वाढलं की दूध वाढतंच. वाढतं, मान्य आहे. पण त्या वेताला तिनं एकदाही दगड चाटला नाही, त्याचं काय?