यक्षाचा ‘याक्षा’ करू नका

प्रश्न असा आहे: व्हिडिओ गेमच्या मराठी समालोचनात ओनी (जपानी लोककथांतला शिंगवाला), कोबोल्ड (जर्मन घरभूत), गॉब्लिन (युरोपी लोककथांतला खोडकर बुटका), याक्षा अशी पात्रं येतात. या सगळ्यांना सरसकट ‘राक्षस’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. पण त्याआधी तो ‘याक्षा’ थांबवा. रामाचा ‘रामा’ आणि योगाचा ‘योगा’ ऐकून कान किटलेच होते, आता मराठी घरात वाढलेली मुलं यक्षाला याक्षा म्हणायला लागली आहेत. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा चिनी गेम २०२० साली आला. त्यातला शाओ हा भालाईत यक्ष आहे. पडद्यावर रोमन अक्षरं दिसतात आणि आपण ती इंग्रजांच्या थाटात वाचतो. शब्द आपल्या घरचा आहे, एवढंही लक्षात येत नाही.

यक्ष पुराणातला, कुबेराचा सेवक, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. खरी मौज पुढे आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर हा शब्द चीनला गेला, तिथे त्याचा ‘येछा’ झाला. तीच दोन चिनी अक्षरं जपानी माणूस ‘यशा’ अशी वाचतो. नारा शहरातल्या शिन-याकुशी-जी मंदिरात भैषज्यगुरू, म्हणजे रोग बरे करणाऱ्या बुद्धाभोवती बारा सेनापती उभे आहेत. आठव्या शतकातल्या त्या मातीच्या मूर्ती, एक तेवढी विसाव्या शतकात नव्याने केलेली. हे बाराही जण यक्षांचे सरदार. जपानी गेममधले चिलखत घातलेले, डोळे वटारलेले रखवालदार पाहिले की मला हीच मंडळी आठवतात.

आता इकडे या. शब्दाच्या सुरुवातीचा य प्राकृतात ज होतो: यात्रेची जत्रा झाली ती अशी. क्ष चा ख होतो: क्षीरची खीर, लक्षाचे लाख. म्हणजे यक्षाचा जक्ख आणि यक्षिणीची जखीण! आजी जिच्या नावाने घाबरवायची ती जखीण आणि जपानी यशा ही एकाच घरातली भावंडं आहेत. गावाच्या वेशीवरची जाखाईही त्याच गोतातली. तुकोबांनी तिला जोखाईसकट विठोबापुढे बाजूला सारलं, पण तिच्या नावातला यक्ष काही पुसला गेला नाही.

याच ओघात माझं एक जुनं मत मांडतो. ‘जख्ख म्हातारा’ मधला जख्ख हाही यक्षच. पुरलेल्या धनावर युगानुयुगं बसून राहणारा, वयाची गणती सुटलेला राखणदार, तो जख्ख. ‘हा नुसता जोर देणारा ध्वनी आहे’ असं सांगून मोकळे होणारे लोक मला पटत नाहीत. ध्वनीच हवा होता तर हाच का, आणि तो म्हाताऱ्यालाच का चिकटला? मराठीत जक्खचा ‘जाख’ व्हायला हवा होता, हा आक्षेप मी ऐकला आहे. जाखाईत तो झालाच आहे. पण ठासून बोलायच्या शब्दांत जोडाक्षर टिकतं. लख्ख पाहा, सख्खा पाहा. मात्र ‘झक मारणे’ यातही यक्ष शोधणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. ती झक म्हणजे झष, मासा. उगाच सगळीकडे यक्ष बसवू नये.

आणि यक्ष दिसायचा कसा? कन्नड गावाजवळच्या पितळखोरे लेण्यात सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर थाळी तोललेली आणि चेहऱ्यावर मोकळं हसू. हातावर करणाऱ्याचं नाव कोरलं आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वी मराठी मुलखात यक्ष असा हसत होता. त्याला राक्षस कसं म्हणणार?

ओनीचं उत्तर त्याहून सोपं आहे. जपानी भाषेत ‘राक्षस’ हा शब्द आधीच गेलेला आहे, ‘रासेत्सु’ या रूपात. जपान्यांनी ओनी आणि राक्षस हे दोन्ही शब्द वेगळे ठेवले, तर आपण ते एकात का कोंबावेत? दहाव्या शतकातला जपानी कोश ‘वाम्यो रुइजुशो’ ओनीची व्युत्पत्ती ‘ओन’ म्हणजे लपलेला, अदृश्य अशी देतो. त्याला शिंगं बैलाची आणि कमरेला वाघाचं कातडं, कारण ईशान्य ही जपानी परंपरेत ओनींच्या येण्याची दिशा, आणि त्या दिशेचं नाव बैल-वाघ. आपण त्याच ईशान्येला देवघर करतो! फेब्रुवारीत सेत्सुबुनला जपानी घरांत ‘ओनी बाहेर, सुख आत’ म्हणत भाजलेले सोयाबीन फेकतात. गेन्शिनमधल्या इत्तो या ओनीला सोयाबीनचं वावडं का, ते यावरून कळेल. त्याला राक्षस म्हटलंत की हा धागाच तुटतो.

कोबोल्ड जर्मन. परीकथांच्या ग्रिम बंधूंपैकी भाषापंडित याकोब ग्रिमने त्याचं नातं ग्रीक ‘कोबालोस’शी, म्हणजे लबाड टवाळखोराशी जोडलं. ग्रिम मोठा माणूस, पण इथे तो ग्रीकच्या मोहात पडला. घरासाठीचा जुना जर्मन शब्द आणि सत्ता चालवणं, या दोहोंतून ‘घराचा कारभारी’ हा अर्थ सरळ निघतो आणि कोबोल्डच्या वागण्याला तोच शोभतो. त्याला दूध-अन्न ठेवायचं, अपमान केला तर तो सूड घेतो. कोकणातल्या राखणदाराला रोट देणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरातल्या खाणकामगारांना चांदीऐवजी भलतंच खनिज मिळे, भाजलं की आर्सेनिकचा विषारी धूर निघे. त्यांनी खापर कोबोल्डवर फोडलं आणि त्या खनिजातून वेगळ्या काढलेल्या धातूचं नाव पडलं कोबाल्ट. तुमच्या फोनच्या बॅटरीत तो बसलेला आहे. जपानी गेममध्ये मात्र कोबोल्ड कुत्र्याच्या तोंडाचा आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाच्या २००० सालच्या आवृत्तीपासून सरड्याच्या जातीचा.

तेव्हा ओनीला ओनी म्हणा, कोबोल्डला कोबोल्ड, गॉब्लिनला गॉब्लिन. राक्षस हा शब्द रासेत्सुसाठी राखून ठेवा. ‘पर्सोना’ या जपानी गेममालिकेतल्या याक्सिनीला यक्षिणी म्हणा, जखीण नको, कारण मराठीत जखीण आता मेलेल्या बाईचं भूत झाली आहे आणि ही याक्सिनी भूत नव्हे. आणि शाओ हा यक्ष. त्यातला ‘य’ ऱ्हस्व.