लातूर सोडल्यावर कोणती गोष्ट अजिबात मिस होत नाही?

प्रश्न असा आहे की, नोकरीसाठी लातूर सोडून पुण्याला चाललोय, शेती भाऊ बघेल, तर आधी राहत होता तिथली कुठली गोष्ट तुम्हाला नंतर अजिबात मिस झाली नाही?

पाण्याची वाट बघणं. एवढंच उत्तर आहे खरं तर. पण लातूरचं नाव वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी खाडगाव रोडला वाढले. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणं हे आमच्यासाठी नॉर्मल होतं, त्याचं कुणाला विशेष वाटायचं नाही. पण २०१६ चा उन्हाळा वेगळाच होता. धनेगावला शहराला पाणी देणारं मांजरा धरण पार आटलं आणि नळ बंदच झाले. जलकुंभांभोवती भांडणं होतील म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं, तुम्ही तिथलेच आहात म्हणजे तुम्हाला आठवत असेल. टँकर आला तर घरटी दोनशे लिटर, म्हणजे एक निळं बॅरल. त्यात आम्ही पाच माणसं आणि पुढचा टँकर कधी येईल याचा नेम नाही. बॅरलच्या झाकणाला भोक पाडून त्यात साखळी-कुलूप घातलेलं मी आमच्याच गल्लीत बघितलंय. मोठ्या घमेल्यात बसून अंघोळ करायची, ते पाणी फरशी पुसायला, उरलेलं संडासात. जेवायला पत्रावळ्या, कारण ताटं घासायला पाणी कुठून आणायचं.

माझी बारावी नुकतीच झाली होती आणि सीईटीचा अभ्यास चालू होता, त्यामुळे रात्री जागी मीच असायचे. टँकरचा हॉर्न वाजला की मी आईला उठवायचे. एका रात्री दोनच्या सुमाराला हॉर्न वाजला, लाईट नव्हती, आमचं घर वरच्या मजल्यावर, आई दोन्ही हातात कळशा घेऊन जिना चढत होती आणि वरून तिसऱ्या पायरीवर तिचा पाय सटकला. मी वरच उभी होते मोबाईलची बॅटरी धरून. पडताना तिने एक कळशी सोडली, दुसरी नाही सोडली. जमिनीवर बसून ती आधी त्या कळशीत किती राहिलंय ते बघत होती आणि मग म्हणाली, हात हलत नाहीये गं. मनगटाजवळ हाड मोडलं होतं. सुटलेल्या कळशीतलं पाणी पायऱ्यांवरून वाहत खाली गेलं आणि शेजारच्या काकू ते फडक्याने टिपून बादलीत पिळत होत्या. वेडेपणा वाटेल कुणाला, पण त्या टिपत होत्या आणि रडत होत्या.

चार दिवसांनी माझे सख्खे काका आईला बघायला आले. रेणापूरकडे त्यांची शेती, मांजराकाठाला. येताना गुळाची ढेप घेऊन आले. आपल्याकडे पाहुण्याला आधी गूळ-पाणी, तर मी त्यांचाच गूळ वाटीत ठेवला आणि अर्धा ग्लास पाणी दिलं. त्यांनी एका दमात पिऊन ग्लास परत पुढे केला. मी आईकडे बघितलं, तिने मान हलवली, दे म्हणून. ग्लास भरता भरता माझ्या तोंडून निघून गेलं, काका, तुमच्या खोडव्याच्या उसाला सध्या पाणी कुठून देताय? त्यांनी त्या वर्षी चार बोअर मारले होते, तीन कोरडे गेले, एकाला हजार फुटांच्या आसपास लागलं आणि त्यावर दोन एकर ऊस जगवला होता. ते म्हणाले, ऊस आहे म्हणून घर आहे, पुस्तकातलं बोलू नको. बाबा मला म्हणाले, आत जा. मी आत गेले. ते आत जाणं मला अजून डाचतं.

म्हणून आज इथे सांगते. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, तोही पडला तर. उसाला त्याच्या अडीच-तीन पट पाणी लागतं आणि तो वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो. नुसत्या पावसावर तो येऊच शकत नाही, म्हणजे बाकीचं पाणी धरणातून, नदीतून नाहीतर जमिनीच्या पोटातून उपसायचं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, साडेतीनशे किलोमीटरवरून, दहा वाघिणी म्हणजे टाकीचे डबे, पाच लाख लिटर. शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी लिटर, सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. मिरजकरांचे उपकार आम्ही जन्मात विसरणार नाही. पण कृष्णेचं पाणी रेल्वेने आमच्या घरात आणि आमच्या जमिनीतलं पाणी उसात, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. लोक म्हणतात दुष्काळ निसर्गाने आणला. पाऊस निसर्गाने दिला नाही हे खरं, पण दिला त्या वर्षांतलं पाणी आपण कशात घातलं ते पण बघा.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता धरण भरलं आणि सगळे विसरले. काकांनी ऊस वाढवला.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर काकांवर अन्याय होईल. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, ठरलेली असते, कारखाना तोड करून नेतो, बँक कर्ज देते. सोयाबीनचं तसं नाही. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजाराच्या आसपास विकावं लागलं. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी काकांनी भरली होती, उसाच्या बिलातून. हे मला माहिती आहे आणि ते बोलून दाखवतात तेव्हा मी गप्प बसते. पण फी भरली म्हणून आईचा हात सरळ झाला नाही. तिला आजही त्या हाताने कणीक मळता येत नाही.

तर तुमच्या भावाला सांगा, ऊस लावायचाच असेल तर निदान ठिबकवर लाव, मोकाट पाणी सोडू नको, आणि अर्ध्या रानात तरी सोयाबीन-तूर ठेव. तुरीला लातूरइतकी मोठी बाजारपेठ दारात असताना आपण उसाच्या मागे लागतो. तुम्ही नोकरी करणार म्हणजे घरात पगार येणार, मग एवढी रिस्क घ्यायला काय हरकत आहे? हे तुमच्याशिवाय त्याला कोण सांगणार.

बाकी काय मिस होत नाही म्हणाल तर मे महिन्यातलं ऊन आणि बोअरच्या पाण्याने भांड्यांवर येणारा पांढरा थर. मिस होणाऱ्या गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, त्या बऱ्याच आहेत.

आणि पुण्यात फ्लॅट बघताना भाडं विचारायच्या आधी सोसायटीला कॉर्पोरेशनचं पाणी आहे की टँकरचं ते विचारा. वाघोलीसारख्या भागात कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात. एजंट 'चोवीस तास पाणी' म्हणेल, त्यावर जाऊ नका, वॉचमनला विचारा टँकर दिवसाला किती येतात. मी पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं. रात्री खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि मी झोपेतच उठून बादली शोधत होते. पुढच्या महिन्यात घर बदललं.