कारची बॅटरी, घरचा इन्व्हर्टर आणि पॉलिसीचा चौथा हप्ता

नागपूरच्या बेसा भागातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३९, हिंगणा एमआयडीसीत नोकरी, हातात महिन्याला ६२ हजार. घरी बायको, पाचवीतली मुलगी आणि आई. ते लिहितात:

‘उन्हाळ्यात आमच्याकडे रोज तास-दीड तास लाइन जाते. इन्व्हर्टर-बॅटरीचा सेट २२ हजारांना सांगतात. माझी कार आठवडाभर दारात उभी असते, मी बाइकने जातो. मेहुणे म्हणतात, फक्त ७ हजारांचा इन्व्हर्टर घ्या, कारची ३५ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी लावा आणि रविवारी परत कारला जोडा. १५ हजार वाचतात. करू का? की थांबून सोलरच लावू? सध्या हात आखडता आहे. पुढच्या महिन्यात पॉलिसीचा १ लाख २० हजारांचा हप्ता आहे. मागचा हप्ता क्रेडिट कार्डावर भरला होता, त्यातले १ लाख १५ हजार बाकी आहेत. मिनिमम मात्र वेळेवर भरतो.’

बॅटरीचं आधी आटोपतो. कारची बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी असते. दोन-तीन सेकंद जोरदार करंट द्यायचा, गाडी सुरू झाली की अल्टरनेटर तिला लगेच भरून देतो. म्हणून तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. तिच्यावर रोज तासभर पंखे चालवले की प्लेटांवर सल्फेट धरतं, लेप झडतो आणि बॅटरी बसते. हा उद्योग मी स्वतः केलेला आहे, नव्या नोकरीत असताना, त्रिमूर्ती नगरच्या भाड्याच्या खोलीत. तिसऱ्या महिन्यात टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी चढली आणि एका सकाळी जुनी मारुती नुसती ‘कट-कट’ करून गप्प झाली. समोरच्या पानठेल्यावरच्या चौघांनी धक्का मारला तेव्हा ऑफिस गाठलं.

हिशेबही बघा. १२ व्होल्ट गुणिले ३५ म्हणजे ४२० वॅट-तास. यातलं निम्मंच वापरायचं, म्हणजे २१०. इन्व्हर्टर खातो ते सोडलं तर हातात १७०. दोन साधे पंखे, दोन एलईडी आणि वायफाय मिळून १८० वॅट होतात. म्हणजे तासही पुरा निघत नाही. कूलर तर विसराच. शिवाय घरगुती इन्व्हर्टर चार्ज करताना १०-१५ अँपिअर देतो, कारण तो दीडशे एएचच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो. तुमच्या बॅटरीला साडेतीन-चार पुरे. बाकीचा करंट तिचं पाणी उकळवतो आणि हायड्रोजन सोडतो, तोही कुठे, तर तुमच्या हॉलमध्ये.

दीडशे एएचच्या ट्यूब्युलर, म्हणजे रोजच्या वापरासाठी बनवलेल्या बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. तूट धरूनही साडेअकराशे हाती लागतात, म्हणजे तेवढ्याच लोडवर सहा तास. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, घेतले तर प्रत्येकी ३० वॅट, मग दहा-बारा तास. फ्रिज त्यावर टाकू नका. दार उघडलं नाही तर तो चारेक तास थंड राहतो. बॅटरी पश्चिमेच्या गॅलरीतही ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि नवतप्यात आपली गॅलरी म्हणजे भट्टीच.

सोलरबद्दल एवढंच, की अनुदानातला नेहमीचा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला, सोलर लाइन गेली की स्वतःही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं, बिलही उतरतं. अंधारात मात्र त्याचा उपयोग शून्य. हे विकणारा सांगत नाही.

तर १५ हजार वाचतात की नाही याचं उत्तर, नाही. चार-पाच हजारांची कारची बॅटरी मारून पुन्हा तीच घ्याल आणि नंतर ट्यूब्युलरही घ्याल.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते शेवटच्या चार वाक्यांसाठी.

‘मिनिमम वेळेवर भरतो’ हे तुम्ही शाबासकी मिळेल अशा सुरात लिहिलंय. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी. १ लाख १५ हजारांवर हे महिन्याला पावणेपाच हजार होतात. साडेतीन महिन्यांत एक नवी ट्यूब्युलर बॅटरी बँकेच्या तिजोरीत जाते, आणि तुम्ही कारची बॅटरी उपसायला निघालात! वर, बाकी पुढे ओढत असताना कार्डावर किराणा भरला तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज.

आणि हे कर्ज कशासाठी? पॉलिसीचा तपशील तुम्ही खाली दिलाय: २०२३ मध्ये एफडी संपली, बँकेतल्या मॅडम म्हणाल्या ‘एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट’. १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट, विमा १२ लाखांचा. तीन हप्ते झाले.

दुप्पट हा शब्द ऐकला की आपल्याकडे माणूस पेन काढतो, कॅल्क्युलेटर काढत नाही. तुमचा पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, बारावा ९. सरासरी साडेचौदा वर्षं. साडेचौदा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत. पीपीएफ ७.१ देतो. जीएसटी धरून ४९-५० टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि पाच टक्क्यांना ठेवायचे, हा धंदा इतवारीतला एकही व्यापारी करणार नाही.

विमा ‘फुकट’ कसला? तुमच्या घराचं कर्जच २७ लाख बाकी आहे. १२ लाखांत घरही सुटत नाही, पाचवीतल्या मुलीचं पुढचं तर दूरच. एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा, तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला वीसेक हजारांत बसतो. खर्रा खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा. हप्ता वाढेल, पण क्लेम अडकणार नाही.

चौथा हप्ता भरू नका. मात्र आधी टर्म विम्याचा अर्ज करा, मेडिकल उरका आणि ती पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे होतं. दरम्यान विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच राहू दिली, तर विसाव्या वर्षी किती. बँकेच्या काउंटरवर तोंडी विचारू नका. तिथे ‘आता मोडाल तर नुकसान होईल सर’ एवढंच ऐकाल.

तुमच्या काळातल्या पॉलिसीला तिसऱ्या वर्षात किमान ३५ टक्के परत मिळतात, म्हणजे ३ लाख ६० हजारांचे १ लाख २६ हजार. कंपनीचा आकडा याहून थोडा जास्तही येऊ शकतो. हो, सव्वादोन लाखांच्या वर गेले. बोंब मारावीशी वाटेल, मारा. पण ते आज जात नाहीत, २०२३ मध्ये सही केली तेव्हाच गेले. पेड-अप ठेवली आणि १७ वर्षांनी साडेतीन लाखांच्या आसपास मिळाले, तर आजच्या १ लाख २६ हजारांवर तो सहा टक्क्यांचा परतावा झाला. कार्ड नसतं तर मी यावर विचार केला असता. कार्ड आहे, त्यामुळे सरेंडर करा, पैसे आले त्याच दिवशी कार्ड शून्य करा आणि मिनिममचा ऑटो-डेबिट बदलून पूर्ण बिलाचा लावा.

मग दरमहा हप्त्याचे १० हजार आणि व्याजाचे पावणेपाच हजार असे जवळपास १५ हजार सुटतात. सरेंडरमधून उरलेले ११ हजार आणि पहिल्या महिन्याची बचत यातून टर्मचा हप्ता निघतो. पुढच्या दोन महिन्यांत इन्व्हर्टर-बॅटरीचा सेट आणि दोन बीएलडीसी पंखे रोखीने, तेही ईएमआयचा विषय न काढता. दुकानदार ‘झिरो कॉस्ट’ म्हणेलच. त्याला रोखीचा भाव विचारा. त्यानंतर तीन लाख होईपर्यंत बाजूला टाका, एसआयपीची घाई नको. तुमच्या पत्रात बचतीचा एकही रुपया दिसला नाही, आणि आईचं वय लिहिलंय ७१.

मॅडमविरुद्ध तक्रार करायची असेल तर करा, पण ‘एफडीसारखंच’ हे कागदावर कुठे आहे का बघा. बहुधा नसेल. कागदावर तुमचीच सही असेल, प्रत्येक पानावर.

राहिली कारची बॅटरी. ती कारमध्येच राहू द्या. मात्र आठवडाभर उभी ठेवून तीही बसते आहे. दारात दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवून फार काही भरत नाही. रविवारी आईला घेऊन वर्धा रोडला अर्ध्या तासाचा फेरा मारून या.